‘वाडा चिरेबंदी’चा वाडा उभा करताना

(मंडळाच्या नाट्यविभागाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



मला भाषणाची सवय नाही. मी उपयंत्री आहे, त्यामुळे एम. बी. भरायची सवय आहे. लांबी, रुंदी, उंची, एकूण. मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा सांगितलं की आपण केलेल्या ‘वाडा चिरेबंदी’च्या नेपथ्याबद्दल अर्धा तास बोला, तेव्हा मी म्हटलं, पाच मिनिटांत मापं सांगतो आणि खाली बसतो. ते म्हणाले, मापं नकोत, काय काय चुकलं ते सांगा. ते असेल तर अर्धा तास पुरणार नाही.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. महेश एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांनी ‘कलावैभव’तर्फे रंगभूमीवर आणलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचं घर. कर्ता पुरुष, तात्याजी, नुकतेच गेलेले. तेराव्यासाठी घर जमलेलं. थोरला भास्कर, त्याची बायको म्हणजे नाटकातली वहिनी, मुंबईला नोकरी करणारा सुधीर आणि त्याची बायको अंजली, लग्नाविना राहिलेली प्रभा, मुकाट्याने राबणारा चंदू, आई, आणि आतल्या खोलीत गेलेल्या मुलाची वाट बघणारी दादी. तेराव्याचं गावजेवण घालायला पैसा नाही आणि घालायचं तर आहेच, कारण देशपांड्यांचा वाडा. भास्करची मुलगी रंजू घरातलं सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळून जाते. मुलगी परत येते, सोनं येत नाही. गोष्ट एवढीच. पण आपल्यापैकी कुणाच्या घरात यातली निदान दोन पात्रं नाहीत, हात वर करा पाहू.

पुढे एलकुंचवारांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून त्याची त्रिनाट्यधारा केली. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटकं सलग केली. सकाळी बसलेला प्रेक्षक रात्री उठायचा. आठ-नऊ तासांचा तो प्रयोग मी पाहिलेला नाही, तेव्हा मी शाळेत होतो. कुलकर्ण्यांनीच दहा-बारा वर्षांपूर्वी ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा उभं केलं, वैभव मांगले भास्कर आणि निवेदिता सराफ वहिनी. ते मी सुट्टी काढून पाहून आलो. वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद ‘विरासत’ या नावाने आहे, तो आपल्याकडच्या हिंदी रंगकर्मींनाही चांगला माहीत आहे.

तिन्ही नाटकं ओळीने वाचली की नेपथ्याचं काम करणाऱ्याला एक गोष्ट लगेच दिसते. पहिल्यात वाडा आहे. दुसऱ्यात माणसं तळ्याकाठी येऊन बसतात. तिसऱ्यात दुष्काळ पडलेला असतो आणि बोलायला उजाड जमीन उरते. लेखकाने एकेक करून नेपथ्यकाराच्या हातातलं सगळं सामान काढून घेतलं आहे. आम्हाला पहिलंच करायचं होतं, म्हणून मी खूश होतो. सामान भरपूर.

आमच्या दिग्दर्शक मावशींनी (त्या सगळ्यांच्याच मावशी आहेत, नाव सांगायची गरज नाही) मला मार्चमध्ये बोलावलं आणि विचारलं, वाडा बांधशील का? मी घरी येऊन त्याच रात्री कागद पसरला. आपल्या सभागृहाचा रंगमंच चोवीस फूट रुंद, सोळा फूट खोल, झालरीपर्यंत उंची अकरा फूट. एक इंच म्हणजे एक फूट या मापाने पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. आठवड्याभरात वाडा तयार. दोन कमानी, कमानींवर नक्षी, दगडी तोडे, त्यावर झरोका, उजवीकडे जाळी. मी स्वतःवर फार खूश होतो. मावशींनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे. हा वाडा विकायला काढला तर उद्या गिऱ्हाईक येईल.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मी लश्करचा वाडा काढला होता. आपल्याकडे खाणीतला वाळूचा दगड, तो कापता येतो, कोरता येतो, छतालासुद्धा दगडी पटिया. त्यामुळे आपल्या जुन्या घरांत कमान आणि जाळी सहज येते. धरणगावच्या देशपांड्यांकडे हा दगड कुठून येणार? तिकडच्या वाड्यात खालचं जोतं काळ्या घडीव दगडाचं, त्यावर सागाचे खांब, तुळया, आणि भिंती माती-विटांच्या. चिरा म्हणजे घडीव दगड, हे आपल्याला माहीत आहे. पण अशा बहुतेक घरांत चिरेबंदी म्हणावं ते कमरेपर्यंत. वर सगळी माती आणि लाकूड. वाळवी लागते ती वर, पाणी मुरतं ते वर. नाटकाच्या नावात जो दिमाख आहे तो जोत्यापुरता आहे, हे मला इमारतीच्या बाजूने कळलं. मावशींना ते नाटकाच्या बाजूने आधीच कळलं होतं.

कमानी गेल्या. पुठ्ठ्याचं मॉडेल माझ्या मुलीने बाहुल्यांसाठी नेलं.

दुसरं चित्र मी पडक्या वाड्याचं केलं. अगदी पडका. गिलावा निघालेला, विटा उघड्या, खांबाला तडा, कोपऱ्यात माती कोसळलेली. फ्लॅटवर लाकडाचा भुसा आणि डिंक लावून मी भिंतीचे पोपडे इतके हुबेहूब केले की आमचे सुतारकाम बघणारे मिस्त्री म्हणाले, साहेब, हात लावायला भीती वाटते. ठेकेदाराचं काम नापास करताना जे जे दोष मी लिहितो ते सगळे मी त्या वाड्यात घातले होते. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, आणि ती दाखवली ती अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. पुढच्या रांगेत बसले आहेत. पुढचं सगळं त्यांना विचारून सांगतो आहे. अण्णा भास्करचं काम करत होते. तालमीला आले, माझ्या भिंतींकडे पाहिलं, आणि म्हणाले, “अरे, हे तर सोडून दिलेलं घर आहे. इथे कुणी राहत नाही.” मी म्हटलं, अण्णा, वाडा पडायला आलाय, संहितेतच आहे. ते म्हणाले, “पडायला आलेल्या घरात माणसं राहतात तेव्हा ती रोज झाडतात. सडा घालतात. गळकं असेल तिथे पातेलं ठेवतात आणि पाहुणे आले की पातेलं उचलतात. पोपडा निघाला तर त्याच्यावर कॅलेंडर लावतात. तुझ्या भिंतीवर कॅलेंडर कुठे आहे?”

तालमीतले बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. त्याचं कारण असं.

आमचं लश्करातलं जुनं घर पुष्कळांना माहीत आहे. दोन चौकांचं, पणजोबांनी बांधलेलं. हिस्सेदार सात. प्रत्यक्ष राहणारे एकटे अण्णा आणि वहिनी. मी नोकरीच्या बदल्यांमुळे आधी सरकारी क्वार्टरमध्ये आणि नंतर माझ्या फ्लॅटमध्ये. नाटकाच्या आदल्या वर्षी पावसाळ्यानंतर मागच्या चौकातल्या भिंतीला पोट सुटलं. सगळे हिस्सेदार म्हणाले, घरातच इंजिनियर आहे, त्याला विचारा. मी गेलो, ओळंबा लावला, मोजलं आणि लिहून दिलं की मागचा भाग राहण्यास धोकादायक आहे. त्या एका कागदावर बाकीचे सगळे विकायला तयार झाले. मीही होतो. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, आणि खरं सांगायचं तर त्या घराच्या बैठका, पत्रं, कोण किती दुरुस्ती देणार, या सगळ्याचा कंटाळा आला होता. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं. तालमीतही ते मला नावाने हाक मारत नसत, “नेपथ्यवाले” म्हणत.

भिंत धोकादायक होती हे खरं. पण टेकू देऊन, पावसाचं पाणी दुसरीकडे वळवून तिने आणखी दहा वर्षं काढली असती, हेही मला दिसत होतं. ते मी कागदावर लिहिलं नव्हतं.

म्हणून कॅलेंडरचा प्रश्न मला लागला. मी दोन वाडे काढले होते, एक महाल आणि एक ढिगारा. दोन्ही बाहेरून पाहणाऱ्याचे. सुधीर मुंबईहून येऊन वाड्याकडे बघतो तसे. भास्कर आणि वहिनी, प्रभा, चंदू ज्या घरात सकाळी उठतात ते घर मला काढता आलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने काम सुरू केलं. नकाशा बाजूला ठेवला. जमिनीवर खडूने ओसरी, माजघर, अंगण आखलं आणि नटांना सांगितलं, तीन दिवस नुसते राहा इथे. संवाद नकोत. कोण कुठे बसतं ते बघतो. मावशी आणि मी खुर्च्यांवर बसून टिपत होतो. मोठी मजेशीर टिपणं आहेत. चंदूचं काम करणारा मुलगा पुढच्या दाराने एकदाही आला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हातात पाणी, लाकडं, ताटं, काहीतरी घेऊन तो परसातूनच यायचा आणि परसातच जायचा. मग आम्ही परसाच्या बाजूचा रस्ता अरुंद केला, दोन फूट, आणि एका ठिकाणी मान खाली घालावी लागेल इतकी तुळई खाली घेतली. नाटकात त्याच्या पायाची जखम चिघळत जाते. लंगडत, वाकून, हातात घमेलं घेऊन तो त्या बोळातून येऊ लागला तेव्हा त्याला लंगडण्याचा वेगळा अभिनय करावा लागेना. जागाच तसं करून घेत होती.

प्रभा माजघराच्या उंबरठ्याशी थांबायची. आत नाही, बाहेर नाही. तिला शिकायचं होतं आणि घराने शिकू दिलं नाही. आम्ही तो उंबरठा नऊ इंच उंच केला आणि त्याला लागून एक खांब ठेवला. ते काम करणाऱ्या ताईंनी त्या खांबाला टेकून उभं राहण्याची अशी सवय लावून घेतली की पुढे पुढे खांबाचा तेवढा रंग उडाला. मी पुन्हा रंगवायला गेलो तर मावशींनी ब्रश काढून घेतला.

ओसरी अंगणापेक्षा दीड फूट उंच. हे माप मी तीनदा बदललं. एक फूट ठेवली तर कुणीही सहज चढतं. दोन फूट ठेवली तर म्हातारी आई चढताना प्रेक्षकांचं लक्ष गुडघ्यांवरच जातं. दीड फुटाला दोन पायऱ्या येतात. भास्कर वर आणि सुधीर अंगणात असला की भावाभावांचं बोलणं निराळं ऐकू येतं, आणि सुधीर बोलता बोलता एक पायरी चढला की आणखी निराळं. तालमीत सपाट जमिनीवर जे भांडण दहा मिनिटं ओढूनताणून चालायचं ते पायऱ्या आल्यावर आपोआप चढत गेलं.

दादीचं काय करायचं यावर बराच वाद झाला. ती दिसावी की नुसता आवाज यावा? शेवटी डावीकडे अर्धवट उघडं दार, आत अंधार, बाजेचा कोपरा आणि एक हात. प्रेक्षागृहाच्या उजव्या बाजूला बसलेल्यांना तोही दिसत नव्हता. त्याबद्दल मला प्रयोगानंतर चार जणांनी सुनावलं. ते बरोबर होते, दृष्टिरेषा काढताना मी शेवटच्या तीन खुर्च्या विसरलो.

आणि तो ट्रॅक्टर. अंगणात गंजत पडलेला, चालू न होणारा, विकलाही न जाणारा. अख्खा आणणं अशक्य. भंगारवाल्याकडून एक बॉनेट, मागचं एक मोठं चाक आणि स्टिअरिंग एवढंच भाड्याने आणलं आणि विंगेतून अर्धं बाहेर डोकावेल असं ठेवलं. सगळ्यांना अख्खा ट्रॅक्टर दिसला. एका काकांनी मला विचारलंसुद्धा, अरे, तो आत आणला कसा?

आता दागिन्यांचा प्रसंग. रात्री खोलीचं दार लावून भास्कर आणि वहिनी घराण्याचं सोनं काढून बघतात, आणि वहिनी ते अंगावर घालते. नाटकातला हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. आमच्या वहिनींचं काम करणाऱ्या ताईंनी बाजारातून हलके खोटे दागिने आणले होते. चकाकत होते छान, पण ताई घालून चालल्या की हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या दिसायच्या. दोन तालमी गेल्या, काही जमेना. मी म्हटलं, वजन घालून बघू. ओळंब्यासाठी वापरतो ते शिशाचे तुकडे चपटे करून, कापडात शिवून, दागिन्यांच्या मागच्या बाजूला लावले. एकूण अडीच किलोच्या आसपास. ताईंचे खांदे मागे गेले, मान ताठ झाली, पाऊल सावकाश पडायला लागलं. आणि त्यांनी ते काढून ठेवले तेव्हा, ते तर आम्ही ठरवलंच नव्हतं, त्यांचा हात सवयीने मानेशी गेला आणि तिथेच राहिला. अण्णा, म्हणजे भास्कर, तो हात बघत बसले. पुढचं वाक्य विसरले. मावशी म्हणाल्या, विसरलात तेच ठेवा, तेवढा वेळ तिथे हवा आहे.

चेखॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ची आठवण मावशी नेहमी काढत. तेही घर आणि बाग विकली जाण्याचं नाटक. मॉस्को आर्ट थिएटरने १९०४ मध्ये केलं, स्टानिस्लावस्की दिग्दर्शक. स्टानिस्लावस्कीला खऱ्याखुऱ्या आवाजांची, किडेमकोडे, बेडूक यांची भारी हौस, आणि चेखॉव्ह त्यावर वैतागायचा. मला हा टोमणा आहे हे मी ओळखून होतो, कारण मी रातकिड्यांचा आवाज मोबाइलवर भरून आणला होता. पण त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. चेखॉव्हने पहिला अंक मुलांच्या खोलीत ठेवला आहे. घरात लहान मुलं उरलेली नाहीत, तरी खोलीचं नाव तेच. केस पिकलेली माणसं तिथे येऊन रडतात, हसतात. शेवटचा अंक त्याच खोलीत, पडदे काढलेले, सामान एका कोपऱ्यात रचलेलं. भिंतीवर एक तडा न दाखवता घर गेलं हे कळतं. रातकिडे मी काढून टाकले.

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. भास्कर आणि वहिनींची बोली वऱ्हाडी वळणाची, अंजलीची मुंबईची. दोन्ही एका घरात ऐकू आल्या की मधली भिंत दिसते, ती मला प्लायवूडने करता आली नसती. पण आपलं मराठी तिसरंच. हिंदीत मुरलेलं. पहिल्या वाचनाला सगळे पुस्तकी मराठी बोलायला लागले, जणू आकाशवाणीवर निघाले आहेत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिकडे ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिले’ म्हणतात, आणि आपल्या घरात आज्या हेच म्हणायच्या! आपल्यालाच लहानपणी पुण्याच्या पाहुण्यांसमोर त्याची लाज वाटायची. अण्णांनी तर त्यांच्या आईचंच बोलणं उचललं. वऱ्हाडी शंभर टक्के झालं नसेल, विदर्भातून आलेल्या एका गृहस्थांनी नंतर तीन शब्द सुधारून सांगितले. पण ते घरात बोललेलं वाटत होतं. अंजलीचं काम करणारी मुलगी मात्र पुण्याहून लग्न होऊन आलेली. तिला काहीच करावं लागलं नाही. बिचारी म्हणाली, मी तालमीतही अंजलीच आहे.

शेवटचा प्रश्न बैठकीचा. ओसरीवर मधोमध मी तात्याजींची जागा केली होती. गादी, लोड, शेजारी पानाचा डबा. माझा हिशेब साधा होता. वडील गेले, थोरला मुलगा तिथे बसणार, प्रेक्षकांना कारभार कुणाकडे ते कळणार. पहिल्या प्रवेशात अण्णांनी त्या गादीला वळसा घातला आणि खांबाजवळ जमिनीवर बसले. मावशींनी सांगितलं, गादीवर बसा. ते म्हणाले, “आज नाही बसणार.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मावशींनी कारण विचारलं. अण्णा म्हणाले, “काका गेल्यावर मी त्यांच्या जागेवर वर्षभर बसलो नव्हतो. कुणी बस म्हटलं नाही, आणि आपणहून कसं बसणार?”

काका म्हणजे माझे वडील. त्या घरात त्यांची बैठक खिडकीशी होती. ते गेले तेव्हा मी तेरा दिवस तिथे होतो, आणि मी स्वतः दुसऱ्याच दिवशी त्या जागेवर बसून फोनवर बोलत होतो. मला आठवलंसुद्धा नव्हतं.

मग प्रयोगात असं ठरलं की गादी रिकामी राहील. सगळे तिला वळसा घालतील. त्यामुळे ओसरीवरच्या हालचाली सगळ्या बदलल्या, मला लोडाची जागा दोन फूट मागे घ्यावी लागली, नाहीतर माणसं एकमेकांवर आदळत. भास्कर तिथे बसतो ते रंजूचं आणि सोन्याचं सगळं झाल्यावर, अगदी शेवटाकडे, आणि तेही कडेला, अर्धा. नाटक पाहून गेलेल्या कितीतरी जणांनी मला त्या रिकाम्या गादीबद्दल सांगितलं. नेपथ्य छान होतं म्हणाले. ते माझं नव्हतं.

दाराची गोष्ट सांगून थांबतो. रजिस्ट्रीची तारीख प्रयोगाच्या आधी नऊ दिवस पडली. घर घेणाऱ्याला ते पाडूनच नवं बांधायचं होतं, त्याने सांगितलं काय न्यायचं ते न्या. देव अण्णांकडे गेले. घरचा गणपती कुणाकडे बसवायचा यावर दोन फोन झाले, तेही मिटलं, अण्णांकडेच. उरलं ते पुढचं दार. सागाचं, दोन फळ्यांचं, लोखंडी फुल्या ठोकलेलं, वर-खाली खुंट्यांवर फिरणारं. अण्णा म्हणाले, नाटकात लाव.

अभियंता म्हणून मी नको म्हणायला हवं होतं. एकेक फळी चार माणसं उचलतील अशी. माझे फ्लॅट पाऊण इंची पट्ट्यांवर कापड ताणून केलेले, मागून ब्रेस देऊन उभे. त्या दाराने अख्खी भिंत हलली असती. मग मी फ्लॅटला हातच लावला नाही. दारासाठी वेगळी लोखंडी चौकट केली, तिचे पाय मागे तीन फूट नेऊन त्यांवर वाळूची पोती टाकली, आणि भिंत चौकटीपासून अर्धा इंच सुटी ठेवली. प्रेक्षकांना फट दिसू नये म्हणून तिथे, हो, कॅलेंडर लावलं.

रंगीत तालमीला दार उघडेना. घरी ते आत उघडायचं, मी नाटकात बाहेर उघडेल असं लावलं होतं, कारण आत ओसरीवर जागा कमी. नट सगळे ढकलायचे आणि ते ओढायचं असायचं. सुधीर-अंजली पहिल्यांदा येतात तिथेच गोंधळ. रात्री साडेअकरा वाजता अण्णा आणि मी, दोघांनीच, ते उतरवून फिरवून लावलं. मिस्त्री निघून गेले होते. ओसरी सहा इंच मागे सरकवली. चौकटीत खुंटी बसवताना अण्णांनी खालून फळी धरली होती, माझे दोन्ही हात वर. त्या अवस्थेत मी त्यांना सांगितलं की मागच्या भिंतीला टेकू चालला असता, मी लिहिलं नाही.

ते काही वेळ बोलले नाहीत. फळी जड होती. मग म्हणाले, “माहीत होतं मला. मिस्त्रीने सांगितलं होतं. टेकूचे पैसे सात जणांत कोण देणार होतं? खुंटी बसली का बघ.”

खुंटी बसली होती.

प्रयोग झाला. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी दार उघडल्याचा आवाज ऐकून मोठ्याने म्हणाल्या, अगं, हे तर अमक्यांचं दार. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. भास्कर ओसरीवर होता, त्याने मान वर केली आणि क्षणभर दाराकडे पाहिलं. सुधीर आत येत होता, त्यामुळे चालून गेलं.

दार आता मंडळाच्या गोदामात आहे, गणपतीच्या मखराच्या मागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चौकटही शेजारीच आहे. कुणाला पुढच्या नाटकासाठी लागलं तर न्यावं, माझी हरकत नाही, अण्णांचीही नाही. चार माणसं आणा, आणि ते आत उघडतं हे लक्षात ठेवा.